न बोलणारी पोटदुखी

ज्या घरात शाळेत जाणारे मूल आहे, त्या घरात 'आई, पोटात दुखतंय' हे वाक्य ऐकू आले नाही, असे सहसा होत नाही. आमच्या वाईच्या घरी तर २०२३ च्या पावसाळ्यात हे वाक्य रोज सकाळी ऐकू येऊ लागले. कुकरची पहिली शिट्टी आणि आमच्या छोटूची पोटदुखी ह्यांची वेळ एकच!

छोटू तेव्हा आठ वर्षांचा, तिसरीत. बेंबीवर दोन्ही हात धरून असा वाकायचा की बघणाऱ्याचा जीव कळवळावा. मी पतसंस्थेत नोकरी करते. सकाळची माझी किती धांदल असते, हे नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नकोच. तशात हे दुखणे. सासूबाईंनी बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावून पाहिले, ओवा आणि काळे मीठ देऊन पाहिले. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जंत असतील." जंतांचे औषध झाले. पण दुखणे आपले चालूच. गंमत अशी, की शाळेची रिक्षा निघून गेली की तासाभरात पोट शांत! आणि रविवारी तर पोटालाही सुट्टीच.

"नाटकं आहेत सगळी," आमचे हे पेपरातून डोके वर न काढता म्हणायचे. पण आईच्या जिवाला तेवढ्याने स्वस्थता थोडीच लाभते?

हे सगळे चालू असताना आमची ताई कुठे होती? ताई म्हणजे माझी मोठी मुलगी. तेव्हा बारा वर्षांची, सातवीत. छोटूमुळे घरात सगळेच तिला ताई म्हणतात. खरे सांगायचे तर ती कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतीच. स्वतःची वेणी स्वतः घालायची, डबा भरून घ्यायची, छोटूचे दप्तर शोधून द्यायची आणि निघून जायची. "शहाणी आहे हो पोर!" असे आल्यागेल्याला कौतुकाने सांगितले की माझे तिच्याकडे बघण्याचे काम संपायचे.

रंगाने ती अलीकडे जरा फिकट दिसत होती. जिना चढली की दम लागायचा. शाळेच्या तपासणीत हिमोग्लोबिन नऊच्या आत भरले, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले. ते सहा महिने चालू होते. जरासे चढायचे, पुन्हा उतरायचे. "वाढीचं वय आहे, मुलींचं असंच असतं," असे सगळ्याच जणी म्हणाल्या. मीही तेच म्हटले.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना आजही माझी मान खाली जाते. त्या दिवसांत आमचा बिस्किटांचा डबा सारखा रिकामा होऊ लागला. महिन्याचे सामान पंधरा दिवसांत खलास! एके रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून उठले, तर ताई अंधारात डब्याशी उभी. मी संतापले. "रात्री जेवायला नको म्हणायचं आणि असं चोरून खायचं? लाज नाही वाटत?" ती काही बोलली नाही. डबा जागेवर ठेवून झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी मी डबा माळ्यावर ठेवला आणि तसे सगळ्यांसमोर सांगितलेही!

इकडे छोटूच्या पोटाची चर्चा मुंबईच्या जाऊबाईंपर्यंत गेली होती. त्या फोनवर म्हणाल्या, "अगं, पोटात एक जंतू असतो हल्ली. हेलिकोबॅक्टर की काय. नुसत्या रक्तावर कळतं. करून टाक तपासणी, जिवाला घोर नको." पटले. एका प्रयोगशाळेचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. छोटूने आळी डोक्यावर घेतली. दोन दिवसांनी मोबाइलवर अहवाल आला - 'पॉझिटिव्ह'.

काय सांगू, मला भीती वाटली आणि आनंदही झाला! सापडला एकदाचा चोर. आता औषध दिले की झाले. तोच कागद घेऊन मी साताऱ्याच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेले. घरी कुणी नव्हते म्हणून ताईलाही बरोबर घेतले होते. नुसती घेतली होती, दाखवायला नव्हे.

डॉक्टरबाईंनी कागद एकदा पाहून बाजूला ठेवला. छोटूला म्हणाल्या, "कुठं दुखतं रे बाळा, दाखव बघू." त्याने आख्खा पंजा बेंबीवर पसरला. त्यांनी उंची-वजन पाहिले, पोट दाबून पाहिले. मग विचारले, "शाळेत शी लागली तर जातोस का?" छोटूने तोंड वाकडे करून मान हलवली. शाळेचे संडास घाण असतात म्हणून तो दाबून धरायचा, आणि घरी सकाळच्या घाईत बसायचाच नाही. मला ह्यातले काही ठाऊक नव्हते!

"आई, ह्याला बद्धकोष्ठ आहे. थोडी शाळेची धास्तीही असेल," त्या म्हणाल्या. "दुखतं मात्र खरंच हं, नाटक नाही ते. जॉन ॲप्ली नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते. १९५८ साली त्यांनी हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दहातल्या एका मुलाला असं वरचेवर पोट दुखत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात आजार असा काही सापडला नाही."

"पण हा जंतू?" मी कागद पुढे सरकवला.

तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. रक्ताच्या ह्या तपासणीत जंतू दिसत नाही, शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये दिसतात. जंतू गेल्यावरही ती कितीतरी महिने रक्तात राहतात. म्हणजे चोर कधीतरी घरात आला होता एवढे कळते, आत्ता घरात आहे की नाही हे कळत नाही. मुलांमध्ये तर ह्या तपासणीवर मुळीच विसंबू नये. शिवाय आपल्याकडे हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर त्याचा काही त्रास होत नाही. मग कागदावरच्या एका शब्दासाठी आठ वर्षांच्या मुलाला दोन-दोन अँटिबायोटिक का द्यायची?

मी गप्प बसले. खरे म्हणजे हिरमुसलेच. तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या ताईकडे गेली.

"ही कोण? ये गं इकडे."

त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. तळहात पाहिले. औषध किती दिवस चालू आहे, नियमित घेते का, पाळी सुरू झाली आहे का, सगळे विचारले. पाळी अजून आली नव्हती. मग तिलाच विचारले, "तुझं पोट दुखतं का गं?"

ताईने आधी माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "रात्री दुखतं. दुखून जाग येते. काहीतरी खाल्लं की थांबतं."

"कुठं?"

तिने छातीच्या हाडाखाली, बरोबर मध्ये, एक बोट ठेवले.

माझ्या पायांखालची जमीन सरकली. बिस्किटांचा डबा! माळ्यावर ठेवलेला डबा! मी कसेबसे विचारले, "अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

ती म्हणाली, "छोटूच्या पोटाचंच चाललं होतं ना सगळं."

मैत्रिणींनो, तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

डॉक्टरबाईंनी आणखी एक प्रश्न विचारला, शौचाचा रंग काळा होतो का? होत होता, पण लोहाच्या औषधानेही तो काळा होतो, त्यामुळे कुणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. घरात कुणाला अल्सर होता का, असे विचारल्यावर मला मामंजी आठवले. १९८४ साली त्यांचे अल्सरचे ऑपरेशन झाले होते. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते बिनतिखटाची भाजी आणि दूधभातच खात.

"हिला पुण्याला दाखवू या. दुर्बिणीनं आत बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

घशातून नळी! आणि तीही माझ्या एवढ्याशा पोरीच्या! मी काकुळतीला आले. एव्हाना जाऊबाईंकडून मला कळले होते की श्वासावरून आणि शौचावरूनही हा जंतू ओळखतात, सुईदेखील टोचावी लागत नाही. "आधी ती सोपी तपासणी करू या ना डॉक्टर. जंतू असला तर औषध द्या."

त्यावर त्या जे बोलल्या, ते मी तेव्हापासून मनात जपून ठेवले आहे. "आई, तपासणी सोपी असणं वेगळं आणि ती आत्ता उपयोगाची असणं वेगळं. श्वासावरून एवढंच कळेल, की जंतू आहे की नाही. हिला रात्री का दुखतं, रक्त कुठं चाललंय, व्रण आहे का, केवढा आहे, हे श्वास सांगणार नाही. ते डोळ्यांनीच बघायला हवं. आतला बारीकसा तुकडा घेतला, तर कुठलं औषध ह्या जंतूला लागू पडेल तेही काही ठिकाणी तपासता येतं."

पुण्यात वन्संकडे मुक्काम ठोकला. लहान मुलांच्या पोटाच्या तज्ज्ञांनी आधी रक्ताच्या आणखी काही तपासण्या केल्या. गहू न सोसण्याचा एक आजार असतो, त्यातही रक्त कमी होते. तो नव्हता. मग उपाशीपोटी, झोपेचे औषध देऊन दुर्बीण आत घातली. पाव तासाचे काम, पण बाहेर बसून मला ते पाव वर्षाचे वाटले. ताईला जागी झाल्यावर काही आठवतही नव्हते. घसा जरा खवखवला, एवढेच.

जठर संपून आतडे सुरू होते तिथे एक व्रण होता. त्यातून हळूहळू रक्त पाझरत होते. घेतलेल्या तुकड्यात तोच जंतू होता. पुन्हा नऊच्या आत आलेल्या हिमोग्लोबिनचे आणि रात्री दोनच्या बिस्किटांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळाले. अशा व्रणाचे दुखणे रिकाम्या पोटी वाढते आणि काही खाल्ले की निवते. पोर चोरून खात नव्हती. तिने आपला आपणच औषधोपचार शोधून काढला होता, आणि मी तो कुलपात घातला होता.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यांना सगळे म्हणायचे, तिखट खातोस, चिडतोस, म्हणून अल्सर झाला. मी पंचवीस वर्षं बिनतिखटाचं शिजवलं गं. हा जंतूच होता का तेव्हाही?"

असेलही. तेव्हा साऱ्या जगाचाच तसा समज होता. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल ह्या दोन डॉक्टरांनी १९८२ साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. जठरातल्या आम्लात जंतू जगतो, हे कुणाला पटेना. शेवटी १९८४ साली, म्हणजे आमच्या मामंजींच्या पोटावर सुरी चालली त्याच साली, मार्शल ह्यांनी ते जंतू स्वतःच पिऊन पाहिले आणि काही दिवसांत आजारी पडले! त्या दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बाई गं, प्यायला का तो खरंच!" आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून तरी येतो म्हणे. पण कुणाकडून आला ते सांगता येत नाही, आणि कुणाला बोल लावण्यातही अर्थ नाही, असे डॉक्टरांनी बजावले. तरी सासूबाईंच्या मनाला लागायचे ते लागलेच. मी त्यांना म्हटले, "आई, डबा मी लपवला. तुम्ही काय केलंत?"

चौदा दिवसांचे औषध होते. दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. एकही वेळ चुकवायची नाही, अशी ताकीद. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, उलट निर्ढावतो. ताईच्या तोंडाला लोखंडासारखी चव यायची, मळमळायचे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीला एक खूण केली. चौदा दिवसांत सगळ्या खुणा भरल्या. ह्या बाबतीत तरी मी आळस केला नाही.

आठवड्यातच रात्रीचे दुखणे थांबले. पोर सलग झोपू लागली. तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता बरं वाटतंय ना? मग पुन्हा पुण्याला कशाला?" मलाही क्षणभर तसेच वाटले. पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, की आम्ल कमी झाल्यामुळे बरे वाटतेच. जंतू मेला की नुसता दबून बसला आहे, हे बरे वाटण्यावरून कळत नाही. तो राहिला तर व्रण पुन्हा होऊ शकतो. आता मात्र पुन्हा नळी घालायची जरुरी नव्हती. आता प्रश्न एवढाच होता, जंतू आहे की गेला? आणि ह्या प्रश्नाला ती सोपी तपासणी अगदी चोख उत्तर देते.

तिचीही वेळ असते बरे का! अँटिबायोटिक संपून निदान चार आठवडे आणि आम्लाची गोळी बंद करून दोन आठवडे जावे लागतात. घाई केली तर अर्धमेला जंतू सापडत नाही आणि 'गेला, गेला' म्हणून आपण फसतो. ताईची आम्लाची गोळी व्रण भरण्यासाठी आणखी काही आठवडे चालू होती. म्हणून कॅलेंडरवर मी नवी तारीख लिहिली, आणि त्या तारखेपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलेच औषध द्यायचे नाही, असे घरात जाहीर केले.

त्या दिवशी सकाळी ताई उपाशीपोटी गेली. आधी तिने एका पिशवीत फुंकर मारली, फुगा फुगवतात तशी. मग युरिया विरघळवलेले आंबटसर पेय प्यायली. अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत दुसरी फुंकर. झाली तपासणी! "एवढंच?" ती म्हणाली.

त्यामागची युक्ती मोठी छान आहे. ह्या जंतूजवळ युरिया फोडणारे एक द्रव्य असते. त्याच्याच जोरावर तो आम्लात तग धरतो. प्यायला दिलेल्या युरियात कार्बनचा एक किंचित जड प्रकार, कार्बन-१३, घातलेला असतो. पोटात जंतू असला तर तो युरिया फोडतो, आणि तो जड कार्बन रक्तावाटे फुप्फुसात येऊन श्वासातून बाहेर पडतो. दोन पिशव्यांमधला फरक यंत्र सांगते. हा कार्बन-१३ किरणोत्सर्गी नसतो. आपल्या रोजच्या अन्नातल्या कार्बनमध्येही शंभरात एक भाग त्याचाच असतो. कार्बन-१४ वापरून केलेलीही अशीच तपासणी असते, पण त्यात थोडा किरणोत्सर्ग असल्याने ती मुलांसाठी वापरत नाहीत. म्हणून कुठली तपासणी आहे, हे आपण विचारून घ्यावे.

सहा वर्षांच्या आतल्या मुलांना नीट फुंकता येत नाही, पेयही ती तोंडातच घोळवतात आणि तोंडातले दुसरेच जंतू घोटाळा करतात. अशा वेळी शौचाची तपासणी सोयीची पडते. तीत जंतूचे स्वतःचे प्रथिन शोधतात. श्वासाची सोय नसेल तिथे मोठ्या मुलांनाही ती चालते. मात्र तीही प्रतिद्रव्यांची नव्हे, प्रत्यक्ष जंतूच्या प्रथिनाची हवी.

ताई आत फुंकर मारत असताना माझ्या मनात पुन्हा मोह आला. छोटूही बरोबर होता. मी डॉक्टरांना म्हटले, "इतकं सोपं आहे, तर ह्याचीही एक फुंकर घेऊन टाका ना!"

ते हसले. "आणि त्यात जंतू निघाला, तर काय करणार? त्याचं पोट तर आता दुखत नाही."

खरेच होते. रोज नाश्त्यानंतर दहा मिनिटे, पायांखाली पाट घेऊन, घाई न करता बसायचे. पाणी, फळे, पालेभाजी आणि काही आठवडे डॉक्टरांनी दिलेले शौचाचे औषध. एवढ्यावर छोटूचे दुखणे कधीच पळाले होते. ज्या उत्तराचे आपण काही करणार नाही, तो प्रश्न मुलाच्या शरीराला विचारायचा तरी कशाला? मी मोह आवरला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. जंतू गेला होता. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या वर गेले आणि तिथेच राहिले. ताई आता जिना धावत चढते, आणि मी तिच्यावर ओरडते, "अगं, हळू!" ओरडताना किती बरे वाटते म्हणून सांगू!

मैत्रिणींनो, मुलांचे पोट दुखते तेव्हा प्रत्येक वेळी घाबरून जाऊ नका, आणि कुणी सांगितले म्हणून परस्पर तपासण्याही करू नका. पण दुखून रात्री जाग येत असेल, वजन घटत असेल, वाढ खुंटली असेल, उलट्या थांबत नसतील, उलटीतून किंवा शौचातून रक्त पडत असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल, गिळताना त्रास होत असेल, किंवा लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. घरात कुणाला अल्सर असेल तर तेही आठवणीने सांगा.

आणि जे मूल दुखण्याची तक्रार करते त्याच्याकडे लक्ष जातेच. जे करत नाही, त्याला अधूनमधून आपणच विचारावे.

बिस्किटांचा डबा आता ओट्यावर असतो, ताईचा हात पोहोचेल असा. ती रात्री उठत नाही. पण मी मात्र कधी कधी दोनला उठते, डब्याचे झाकण उघडून बघते, आणि बिस्किटे होती तेवढीच आहेत असे पाहून शांतपणे झोपी जाते.